मानवी तस्करीवरचा ऑनलाइन कोर्स: करावा का?
कोर्स फुकट आहे, पण फुकटातला वाटत नाही. पहिला धडा रटाळ, सरळ पुढे ढकला. खरा ऐवज दुसऱ्यात: 2000 च्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार (मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार) माणूस सीमेपार न्यावाच लागतो असं नाही, शोषणासाठी फसवून, धमकावून आणला किंवा डांबला तरी तस्करीच. लहान मूल असेल तर फसवणूक दाखवायचीही गरज नाही. सरावाला एक करारपत्र देतात: पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, प्रवासखर्च पगारातून वळता. खाली सही मात्र राजीखुशीची! झकास सराव.

खटकलं ते हे: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 2.76 कोटी लोक सक्तीच्या श्रमात होते, त्यात देहविक्रीतले 63 लाख. कोर्स मात्र देहविक्रीवरच रेंगाळतो; शेती, मासेमारी, घरकाम घाईत उरकतो. नोकरभरती करणाऱ्यांनी जरूर करावा. आवाज बारीक आहे, हेडफोन लावा.