लिटल टिच की डॅन लेनो?

दोघेही लंडनच्या म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-नकलांचे कार्यक्रम होणाऱ्या नाट्यगृहांचे, लाडके विनोदवीर; १८९१ च्या नाताळात ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या पँटोमाइममध्ये (परीकथेवरचं गाण्या-विनोदांचं नाटक) दोघे एकत्रही होते. टिचची उंची जेमतेम साडेचार फूट, बूट मात्र २८ इंची! त्या बुटांवर तो पुढे झुकत झुकत पार जमिनीजवळ जाई, आणि पडत नसे. शेवटी बुटांच्या टोकांवर ताठ उभा! १९०० मध्ये पॅरिसला त्याचं चित्रीकरण झालं, ते आजही पाहता येतं.

तरी माझा जीव लेनोवर. लाकडी तळाच्या बुटांवर नाचून तो पुढे आला, पण खरी ताकद बोलण्यात. दुकानदार, वेटर, शेजारणीच्या कागाळ्या सांगणारी बाई... हसता हसता गरिबाघरची ओढाताण दिसे. १९०४ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी तो गेला. मागे थोड्या तबकड्या उरल्या. त्यात आवाज आहे, समोरच्या प्रेक्षकांचं हसू नाही.