नऊ महिने, अकरा पुस्तकं: चिनी वाचनासाठी ग्रेडेड रीडर वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांनी कधीतरी चिनीचा कोर्स केला, सर्टिफिकेट पेटीत ठेवलं आणि आता अक्षरं एकेक करून विसरत चालली आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. माझं तेच झालं होतं. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात मी चिनीचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. मन लावून शिकलो, साडेतीनशे-चारशे अक्षरं लिहिता येत होती. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी शेतीवर परत आलो. दोन हंगामांत निम्मी अक्षरं गेली. उरलेली सुटी सुटी ओळखू यायची, पण सलग चार ओळी वाचायच्या म्हटलं की दम लागायचा.

गेल्या ऑक्टोबरात, कापसाच्या पहिल्या वेच्याच्या वेळी, मी ग्रेडेड रीडर वाचायला लागलो. आता पेरणी आटोपली आहे. या नऊ महिन्यांत अकरा पुस्तकं झाली, त्यातली तीन दोनदा वाचली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरावीक अक्षरं किंवा ठरावीक शब्द एवढ्यातच बसवून लिहिलेली ही गोष्टींची पुस्तकं असतात. मी दोन मालिका वाचल्या. ‘मँडरिन कंपॅनियन’ अक्षरं मोजते: सुरुवातीची पातळी 150 अक्षरांची, पुढची 300ची, त्यानंतरची 450ची. पेकिंग युनिव्हर्सिटी प्रेसची ‘चायनीज ब्रीझ’ शब्द मोजते: पहिली पातळी 300 शब्दांची, दुसरी 500ची, तिसरी 750ची. हा फरक विकत घेण्याआधी समजून घ्या, मी घेतला नव्हता. एकाच अक्षराचे अनेक शब्द बनतात. ‘त्येन’ म्हणजे वीज. त्याला ‘बोलणं’ जोडलं की फोन, ‘मेंदू’ जोडला की कॉम्प्युटर, ‘सावली’ जोडली की सिनेमा. म्हणून 300 अक्षरं आणि 300 शब्द ही दोन वेगळी मापं आहेत. एचएसके, म्हणजे चिनी किती येते ते तपासणारी परीक्षा, तिच्या जुन्या सहा पातळ्यांत दुसरीला 300 आणि तिसरीला 600 शब्द लागायचे, त्यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज घेता येतो.

माझी पहिली चूक इथेच झाली. डिप्लोमा केलाय, म्हणजे 300 अक्षरांचं पुस्तक आपलंच, असं धरून मी ते घेतलं. शेरलॉक होम्सची गोष्ट शांघायला नेलेली, पात्रांना चिनी नावं दिलेली, गोष्ट एकदम पकडणारी. पण पहिल्या पानावर मी अकरा वेळा अडलो. एक पान वाचायला पंचवीस मिनिटं लागली आणि शेवटी गेल्यावर सुरुवात विसरलेली. चार दिवस असंच चाललं. मग ते बाजूला ठेवलं आणि 150 अक्षरांचं पुस्तक घेतलं. मन मानत नव्हतं, पण तोच निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. इंग्रजी शिकणाऱ्यांवर हू आणि नेशन यांनी 2000 साली केलेल्या अभ्यासात असं निघालं होतं की शंभरातले 98 शब्द ओळखीचे असतील तेव्हा कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजते. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. मी आता नवीन पुस्तक घेताना नमुन्याचं एक पान उघडतो आणि बोटांवर मोजतो. दोन-तीनपेक्षा जास्त बोटं मिटली तर ते पुस्तक पुढच्या हंगामाचं.

वाचायची जागा आणि वेळ याबद्दलही सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. आमचं शेत बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या पट्ट्यात येतं. हरभरा फुलावर आला की रानडुकरं आणि रोही एका रात्रीत अर्धा एकर साफ करतात. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी जागल. त्यात ओलिताची लाइट रात्रीची असली तर जागणं आलंच. मचाणावर नेटवर्क नसतं. ई-पुस्तक आधीच उतरवून ठेवलेलं आणि ‘प्लेको’ हा शब्दकोश ऑफलाइन चालणारा, एवढ्यावर काम भागलं. पुस्तकात नावांखाली रेघ असते. ही गोष्ट छोटी वाटेल, पण चिनीत दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, सगळी अक्षरं एकाला एक लागून. मोडीतही शब्द तोडत नाहीत, जुने कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना कल्पना येईल. शब्द कुठे संपला हे न कळणं हीच सुरुवातीची खरी अडचण. नाव कोणतं एवढं कळलं तरी अर्धी ओळ सुटते.

आणि ही तोडणी नियम पाठ करून येत नाही, वाचूनच येते. एक वाक्य सांगतो: ‘ता हाय मेइ ह्वान शू.’ त्यानं पुस्तक अजून परत केलेलं नाही. यातलं ‘हाय’ म्हणजे अजून आणि ‘ह्वान’ म्हणजे परत करणं, पण लिहिताना दोन्ही ठिकाणी अक्षर एकच! वर्गात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी पहिल्यांदा पुस्तकात असं अक्षर आलं तेव्हा मी दोन्हीकडे ‘हाय’ वाचून गोंधळलो. चौथ्या पुस्तकापर्यंत ते अक्षर शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलं आणि एके दिवशी लक्षात आलं की आता मी थांबतच नाही, आजूबाजूचे शब्दच उच्चार सांगून जातात. फ्लॅशकार्डांनी अक्षराची ओळख होते. त्याचा स्वभाव मात्र सहवासानंच कळतो.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. या पुस्तकांत अवघड शब्दांचा अर्थ तळाशी किंवा शेवटी इंग्रजीत दिलेला असतो. आपल्यासारख्यांना तो अर्थ बहुतेक वेळा आडवाटेनं नेतो. मी मराठीत अर्थ लिहायची वही केली आणि तेव्हापासून वाचन खरं धावायला लागलं.

उदाहरण बघा. गोष्टीत कोणी हाक मारतं आणि आतून उत्तर येतं, ‘लाय ल!’ पहिला शब्द येणं, दुसरा झालेल्या क्रियेची खूण. इंग्रजी अर्थात ‘येतोय’ असं दिलेलं. मग हे झालेल्या क्रियेचं चिन्ह इथे कशाला, यावर मी अर्धा तास घालवला. नंतर बाबांनी खालून आवाज दिला आणि मी मचाणावरून ओरडलो, ‘आलो!’ पाय अजून शिडीवरही नव्हता. आपण भूतकाळ वापरूनच हे म्हणतो. बस लांब वळणावर दिसली की ‘आली आली’ म्हणतो, ढग उतरले की ‘पाऊस आला’. चिनी माणूस त्याच जागी ‘श्या यू ल’ म्हणतो. हे ‘ल’ समजवायला व्याकरणाच्या पुस्तकांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत, आणि मराठीत त्याची अर्धी चावी आधीच आपल्या हातात आहे.

तसंच ‘वोमन’ आणि ‘झानमन’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. मराठीत सरळ आहे: ऐकणाऱ्याला धरून असेल तेव्हा ‘झानमन’, म्हणजे आपलं ‘आपण’. ‘वोमन’ बरंचसं ‘आम्ही’ आहे, फक्त ते कधी कधी ‘आपण’च्या जागीही चालतं. नात्यांचंही तेच. चिनीत बापाचा मोठा भाऊ वेगळा, धाकटा भाऊ वेगळा, आईचा भाऊ वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. इंग्रजी अर्थांत ही सगळी माणसं दोन शब्दांत कोंबलेली. एका गोष्टीत मुलगा ‘च्योच्यो’कडे पैसे मागायला जातो आणि आईला वाईट वाटतं. इंग्रजी अर्थ वाचून मला आईचं दुःख कळलंच नाही. ‘मामा’ असं वहीत लिहिलं आणि लगेच कळलं: ती माहेरी हात पसरावे लागले म्हणून रडतेय.

म्हणून माझी विनंती आहे: वही करा, मराठीतच करा, आणि आपल्या गावच्या मराठीत करा.

वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान फेब्रुवारीतलं आहे. थंडीच्या एका गोष्टीत ‘मियेन-यी’ हा शब्द आला, कापूस भरलेला जाड कोट. त्यातलं ‘मियेन’ म्हणजे कापूस. मी ते अक्षर मोठं करून वहीत काढलं. डावीकडे झाड. उजवीकडे वर पांढरं, त्याच्याखाली कापड. तीन तुकडे, तिन्ही मला पहिल्या महिन्यापासून येत होते. आजी शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला विचारलं, झाड, पांढरं, कापड, काय झालं सांग. आजी शाळेत गेलेली नाही. तिनं वहीकडे पाहिलंही नाही.

‘पऱ्हाटीच होय ना रे बाप्पा,’ ती म्हणाली.

मी ते अक्षर त्यानंतर एकदाही विसरलेलो नाही. प्रत्येक अक्षर असं उलगडत नाही, हेही सांगून ठेवतो. बहुतेकांत एक बाजू अर्थाची आणि दुसरी फक्त उच्चाराची असते. पण तुकडे ओळखायची सवय लागली की नवीन अक्षर अगदी परकं राहत नाही.

आता तक्रारी. 150 अक्षरांच्या पातळीवर भाषा फार पुन्हा पुन्हा तीच येते, काही पानं चघळल्यासारखी वाटतात. तरी ती पातळी सोडू नका, दोन पुस्तकं पुरतात. दुसरं, काही पुस्तकांत आणि ॲपमध्ये अक्षरांच्या डोक्यावर पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार असतो. तो दिसत असेल तर डोळा अक्षराकडे जातच नाही. मी एका छापील पुस्तकात ओळीवर कागदाची पट्टी ठेवून वाचलं. ॲपमध्ये ते बंद करता येतं, पहिल्याच दिवशी करा. तिसरं, हाताला काहीही मिळत नाही. वाचन वाढलं, पण लिहायला बसलो तर अजून चुकतो. त्यासाठी वेगळं गिरवावंच लागतं.

खर्च मला जड गेला. एका ई-पुस्तकाला बाईमाणसाच्या साधारण दोन दिवसांच्या वेचणीच्या मजुरीइतके पैसे पडले, छापील त्याहून महाग. एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून छापील प्रत मागवली. गावात कुरिअर येत नाही, म्हणून सेलूला जाऊन पार्सल सोडवलं, घरी उघडलं तर आत पारंपरिक अक्षरांची आवृत्ती! चीनमध्ये 1956 पासून सोपी केलेली अक्षरं वापरात आली, मी तीच शिकलो. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी चालतात. यादीत तसं लिहिलेलं नव्हतं. परत पाठवायला दोन चकरा आणि तीन आठवडे गेले. मागवण्याआधी विचारून घ्या. दोघा-तिघांनी मिळून घेतलं तर सगळ्यात बरं. माझा वर्ध्याचा एक वर्गमित्र आणि मी आता आळीपाळीनं घेतो.

ऐकण्याची जोड हवीच. बऱ्याच पुस्तकांबरोबर आवाजाची फाइल मिळते. मी आधी वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी डवरणी करताना तेच प्रकरण कानात लावायचो. चिनीत आवाजाचा चढउतार, म्हणजे सूर, बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. वाचताना मनातल्या मनात सूर चुकीचे बसले तर पुढे ते निघता निघत नाहीत. पहिली दोन पुस्तकं मी नुसती वाचली आणि त्यातल्या शब्दांचे सूर माझे आजही डळमळीत आहेत.

फरक किती पडला, ते आकड्यांत. ऑक्टोबरात मी मिनिटाला पस्तीसेक अक्षरं वाचत होतो, तीही 150च्या पातळीची. आता 450च्या पातळीवर शंभराच्या आसपास. होम्सचं ते सोडून दिलेलं पुस्तक मार्चमध्ये पुन्हा घेतलं आणि पाच रात्रींत संपवलं. त्यातली शेवटची रात्र ओलिताची होती आणि बांधावर पाणी फुटून गेलं तरी मला कळलं नाही, ते वेगळं. 450नंतर मात्र मोठी दरी आहे. खऱ्या वर्तमानपत्राची बातमी अजून हाती लागत नाही. आता ‘चायनीज ब्रीझ’ची 750 शब्दांची पातळी सुरू केली आहे.

मी चिनी का शिकतो असं गावात सगळेच विचारतात. नोकरीचं कारण सांगितलं की लोकांना पटतं. खरं कारण शाळेत वाचलेला एक धडा आहे. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आलेच नाहीत, 1942 मध्ये तिकडेच वारले. त्यांच्याबद्दल त्या लोकांनी त्यांच्या भाषेत काय लिहिलंय, ते मला स्वतः वाचायचं आहे.

डिसेंबरात असा एक चिनी लेख काढून बघितला होता. ‘भारत’ आणि ‘डॉक्टर’ सोडून काही सुटेना. गेल्या रविवारी तोच पुन्हा उघडला. अजूनही पुष्कळ सुटत नाही, युद्धाचे शब्द तर सगळेच परके. पण मधलं एक वाक्य न थांबता वाचलं गेलं: तो चिनी शिकला. आणि नावाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. चिनीत त्यांना ‘के दीह्वा’ म्हणतात. शेवटचं ‘ह्वा’ म्हणजे चीन, ते पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत आहे. आधीच्या दोन अक्षरांत, ‘के’त आणि ‘दी’त, डावीकडे तेच झाड आहे, जे पऱ्हाटीच्या अक्षरात आहे. वहीत मी त्या पानाशेजारीच ते नाव लिहून ठेवलं.