लॉबीत भेटला म्हणून विश्वास ठेवला

गेल्या आठवड्यात भाच्याला फोन आला. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाजवळच्या हॉटेलात कायम नोकरी, पंचवीस हजार अनामत, 'मुलाखत लॉबीतच घेऊ.' लॉबी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून हे लिहितोय.

२००१ साली मी केटरिंगचा कोर्स करून साताऱ्यात घरी बसलो होतो. ओळखीतून एक गृहस्थ भेटले. म्हणाले, सांताक्रूझ विमानतळाजवळच्या सेंटॉर हॉटेलमध्ये चिकटवतो. सेंटॉर एअर इंडियाचं, म्हणजे सरकारी नोकरी. अण्णांना तेवढं पुरलं.

त्यांनी आम्हाला थेट हॉटेलातच बोलावलं. ती भलीमोठी गोल इमारत, आतला थंडगार गारवा. चपला बाहेर काढायच्या की काय, म्हणून अण्णा दारातच थबकले. दारावरच्या माणसाने गृहस्थांना सलाम केला, यांनी 'काय, बरं आहे ना?' विचारलं. चहाचे पैसे अण्णांना देऊ दिले नाहीत. अण्णांनी बंडीच्या खिशातून अनामतीचे ४५ हजार काढून दिले. आईच्या पाटल्या मोडून आणलेले.

मोठ्या हॉटेलच्या लॉबीत कोणीही येऊन बसू शकतं आणि सलाम आत येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. वर एअर इंडियाच्या महाराजाचं चित्र, खाली जांभळा शिक्का. बॅग घेऊन मी स्टाफच्या गेटवर गेलो. टाइम ऑफिसातल्या काकांनी पत्र दोनदा वाचलं, मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "बाळा, हॉटेल एअर इंडियाचं खरं, पण आमची कंपनी हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. आमचं पत्र तिच्या नावाने निघतं. आणि सरकारने हे विकायला काढलंय. आमचंच पुढे काय, ते कळत नाही, तुला कोण घेणार?"

विक्रीच्या बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या. आम्ही वाचल्या असत्या तर पाटल्या वाचल्या असत्या. २००२ साली हॉटेल ८३ कोटींना विकलं गेलं आणि घेणाऱ्याने ते काही महिन्यांतच ११५ कोटींना पुढे विकलं. त्यावर केवढा गदारोळ झाला! आज तिथे सहारा स्टार उभं आहे.

पोलिसांत तक्रार दिली. रोख पैसे, पावती नाही, साक्षीदार नाही. गृहस्थांनी दिलेला पत्ताही खोटा निघाला. अण्णा गेले तोवर त्यातला एक रुपया परत आला नव्हता.

भाच्याला आलेलं पत्र मी पाहिलंय. शिक्का आता रंगीत छापलेला आहे, 'परत मिळणारी अनामत' हे शब्द मात्र तसेच. आम्ही विमानतळाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या हॉटेलचं नाव शोधलं, सापडलं नाही. पैसे भरले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तो नंबर कळवला. तुमच्या घरात कोणाला असं पत्र आलं असेल, तर आजच त्याच्याशी बोला, पाटल्या मोडायच्या आधी.