एकोणीस की एकतीस : कॉर्ड्ससाठी सप्तकाची कोणती विभागणी निवडावी?

बारा समान स्वरांच्या बाहेर पडून कॉर्ड्स बांधायचे पक्के झाले की बहुतेकांचा शोध दोन विभागण्यांपाशी येऊन थांबतो : सप्तकाचे १९ समान भाग किंवा ३१. दोन्हींत चार पंचम चढून गेल्यावर ओळखीचा शुद्ध गंधारच हाती लागतो. त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपी आणि अंगवळणी पडलेल्या कॉर्डमालिका फारशी मोडतोड न करता चालतात. आपल्याकडे पहिला प्रश्न २२ विषयीच येतो, पण सप्तकाचे २२ समान भाग म्हणजे बावीस श्रुती नव्हेत; आजच्या बहुतेक मांडण्यांत श्रुतींची अंतरे असमानच असतात. शिवाय २२ भागांत सी मेजर, ए मायनर, डी मायनर, जी मेजर अशी फेरी सामाईक स्वर धरून केली, तर परतताना मूळ सा एक पायरी खाली घसरलेला आढळतो. ज्यांना ही घसरण हवी आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. मला ती नको होती.

केवळ कानाने निवाडा करायचा झाला तर ३१ चे पारडे जड आहे, हे आधीच कबूल करतो. तिथला शुद्ध गंधार नैसर्गिक, म्हणजे ५:४ या साध्या गुणोत्तराच्या, गंधाराच्या इतका जवळ बसतो की लांब धरलेल्या कॉर्डमधली थरथर जवळजवळ विरून जाते. कोमल निषादाच्या किंचित खालचा, ७:४ या गुणोत्तराचा स्वरही तिथे एका सेंटच्या (सेंट म्हणजे बारा स्वरांतल्या एका पायरीचा शंभरावा भाग) आसपास फरकाने मिळतो, आणि गंमत म्हणजे स्वरलिपीत तो सी ते ए शार्प असा सहज लिहिता येतो. तो स्वर घालून बांधलेली सेव्हन्थ कॉर्ड पुढे कुठे जाण्याची घाई करीत नाही, जागच्या जागी शांत उभी राहते. १९ मध्ये हा स्वर नाही. जवळच्या दोन पायऱ्यांपैकी एक त्याहून सुमारे २१ सेंट खाली पडते आणि दुसरी बारा स्वरांच्या कोमल निषादाहूनही वर जाते. पंचम दोन्हीकडे उतरलेला आहे, परंतु १९ मध्ये तो सात सेंटने उतरतो, आणि तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला पहिला आठवडाभर ते टोचते, निदान मला टोचले. याउलट १९ चा कोमल गंधार नैसर्गिक स्वरापासून अर्धा सेंटही ढळत नाही, त्यामुळे मायनर कॉर्ड्सना जी गोडी येते ती मला ३१ मध्ये तितकीशी सापडली नाही. हा कदाचित माझ्या कानाचा पक्षपात असेल.

इतके असूनही मी १९ वर स्थिरावलो. त्याचे कारण ध्वनीत नसून हाताच्या पंजात आहे.

माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड आहे. सॉफ्टवेअरमध्ये स्कालाची, म्हणजे स्वरांची अंतरे नोंदवलेली, फाइल भरली की प्रत्येक पट्टीला एक पायरी मिळते. १९ मध्ये मेजर कॉर्ड, सा पासून पायऱ्या मोजल्या तर, ०-६-११ अशी पडते, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत बोटे सा, तीव्र म आणि शुद्ध नी यांवर असतात. मायनर हवी असल्यास मधले बोट शुद्ध म वर आणायचे. ०-५-१३ आणि ०-८-१४ हे मेजरचे दोन्ही उलटे आकारही (तेच स्वर, फक्त सर्वांत खाली दुसरा स्वर) सा पासून तार रे पर्यंतच्या टप्प्यात, थोडा ताण देऊन, एका हातात मावतात. ३१ मध्ये तीच मेजर कॉर्ड ०-१०-१८ होते. अठरावी पट्टी म्हणजे तार सप्तकातला तीव्र म. माझा पंजा तिथवर पोहोचत नाही आणि कुणाचा सहज पोहोचत असेल असे वाटत नाही. उलटे आकार तर याहूनही रुंद आहेत. संपूर्ण ६१ पट्ट्यांत ३१ ची दोन सप्तकेही पुरी होत नाहीत, ती एका पट्टीने हुकतात, आणि हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी कीबोर्डकडे बराच वेळ नुसता पाहत बसलो.

एक कॉर्ड दोन हातांत वाटून घेतली तर खर्जाला हात उरत नाही. म्हणून काही महिने मी ३१ च्या कॉर्ड्स पडद्यावर माउसने मांडल्या. तिथे पंचमाच्या आत ७ पासून ११ पायऱ्यांपर्यंत पाच वेगवेगळे गंधार समोर असतात, आणि ९ पायऱ्यांचा गंधार तर पंचमाचे बरोबर दोन समान भाग करतो. पण त्यांतला कोणता घ्यायचा हे माझे बोट न ठरवता डोळा ठरवू लागला. चुकून बोट शेजारच्या पट्टीवर पडावे आणि त्यातून काहीतरी चांगले निघावे, हे त्या महिन्यांत एकदाही घडले नाही. १९ मध्ये ते पहिल्याच दिवशी घडले : ०-४-११ ही धड मायनरही नव्हे अशी कॉर्ड मला तशीच सापडली.

इतिहासही मला काहीसा दुजोरा देतो असे वाटते. इटालियन संगीतकार निकोला विचेंतिनोने सोळाव्या शतकात आपल्या आर्किचेंबालो या पट्ट्यांच्या वाद्याला एका सप्तकात ३६ पट्ट्या दिल्या, त्या दोन थरांत मांडून. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६९१ मध्ये ३१ भागांचे गणित मांडले, आणि त्याच्या आधारे डच भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोक्करने १९५० मध्ये नेदरलँड्समधील हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात जो ऑर्गन उभारला, त्यालाही खास वेगळा कीबोर्ड करावा लागला. ३१ साठी प्रत्येकाला आधी वाद्य घडवावे लागले.

त्यामुळे ज्यांच्याकडे लुमाटोनसारखा षट्कोनी पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, किंवा जे मुळातच कागदावर अथवा पडद्यावर रचना करतात, त्यांनी माझे म्हणणे बाजूला ठेवून ३१ घ्यावे, हे उत्तम. गिटारवाल्यांनी मात्र गिटारच्या पडद्यांचे (फ्रेट्सचे) अंतर आधी मोजावे : ६४८ मिलिमीटरच्या तारेवर तारेच्या मध्यबिंदूपाशी, म्हणजे तार सा जवळ, १९ चे पडदे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास येतात आणि ३१ चे जेमतेम सात. बाकी साध्या कीबोर्डवर बसणाऱ्याने निदान पहिले वर्ष १९ ला द्यावे, असे मी सुचवेन. सेव्हन्थ कॉर्डची उणीव भासेल. मी तिथे पंचम गाळतो, सा डाव्या हाताला देतो आणि निषाद लांब धरत नाही.