हाऊसिंग ऑइलची पिचकारी: काम चोख, पाइप भिकार

टोमॅटोच्या हंगामात पिकअप गॅरेजला अर्धा दिवस उभी करणं परवडत नाही. नारायणगावात संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्री माळशेज उतरून वाशी गाठायची. त्यामुळे बोलेरोच्या मागच्या हाऊसिंगचं, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं, डिफरन्शियलचं ऑइल घरीच बदलायचं ठरवलं आणि अर्धा लिटरची लोखंडी ऑइल पिचकारी आणली. साडेआठशे रुपये. खोक्यावर एका कंपनीचं नाव, नळीवर दुसऱ्याच, तेव्हा नाव सांगून उपयोग नाही.

जुनं ऑइल काढायला हिची गरज नाही. गाडी थोडी फिरवून आणली की ऑइल पातळ होतं, खालचा नट काढला की आपोआप घमेल्यात उतरतं. मात्र आधी वरचा, भरायचा नट सुटतोय का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि खालून सगळं काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर काळा, मऊ लगदा चिकटलेला दिसतो, तो चालतो. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मिस्त्रीच गाठावा. ऑइल दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय, पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

खरी कटकट भरताना. भोक हाऊसिंगच्या अंगाला, वर चासी, कॅन तिरका करायला जागाच नाही. गॅरेजात नरसाळ्याला लांब पाइप लावून वरून ओततात, पण 90 नंबर ऑइल पाकासारखं चिकट, निम्मा वेळ नुसतं बघत बसायचं. पिचकारीने कॅनमधून ओढलं, भोकात नळी घातली, दांडा दाबला, झालं. फरशीवर थेंब नाही. पुतण्या वरून पिचकारी भरून देत होता, म्हणून आणखी सोपं गेलं.

दांडा आणि आतला वॉशर उत्तम, हवा धरत नाही. सोबतचा प्लास्टिकचा पाइप मात्र पहिल्याच दाबाला निसटतो. तो टाकून द्या, हार्डवेअरमधून जाड रबरी पाइप आणि क्लिप घ्या. थंडीत सकाळी ऑइल ओढायला जोर लागतो. कॅन थोडा वेळ उन्हात ठेवला की फरक पडतो.

ऑइल कुठलं, किती, हे गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या. हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियन या दोन गिअरचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्याला जीएल-5, म्हणजे जास्त दाब सोसणाऱ्या प्रतीचं गिअर ऑइल लागतं. उरलेलं मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आतल्या पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही. गाडी सपाट जागी ठेवून भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की थांबायचं. पुढची चाकं चढावर असतील तर हा अंदाज चुकतो. वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, तोही साफ करा. तो तुंबला तर आतला दाब सील फोडून ऑइल ब्रेकच्या ड्रमात आणतो.

एकच गाडी असलेल्याला ही महाग वाटेल, पण ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्ही दारात असतील तर बिनधास्त घ्या. फक्त हीच पिचकारी ब्रेक ऑइलला वापरू नका. कितीही धुतली तरी आत गिअर ऑइल राहतं आणि त्याने ब्रेकची रबरं फुगतात.