सासूबाईंचा डोब्युटामिन स्ट्रेस एको: टेस्ट उत्तम, अपॉइंटमेंटचा मात्र मनस्ताप

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे पार गेलेत, एकेका पायरीवर थांबत जिना चढतात. गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा फिजिशियन म्हणाले आधी हार्ट बघून घेऊ, कारण बीपी शुगर दोन्ही आहे आणि मधेमधे छातीत जड वाटतं अशी तक्रार होती. आता ट्रेडमिलवर त्या चालणार कशा, म्हणून डोब्युटामिन नावाचं औषध देऊन स्ट्रेस एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करायला सांगितला. औषध देऊन हार्ट पळवणार हे ऐकूनच आई घाबरल्या, रात्रभर झोप नाही, आणि खरं सांगू तर मीही घाबरले होते.

पुण्यातलं मोठं हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही. पहिल्या वेळी आम्ही सकाळी ८ ला उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता पोचलो आणि आत गेल्यावर विचारतात मेटोप्रोलॉल कधी घेतली? आज सकाळीच घेतली म्हटलं तर म्हणे मग आज टेस्ट नाही होणार, ही गोळी हार्टचे ठोके वाढू देत नाही. अहो मग फोनवर अपॉइंटमेंट देताना हे विचारायला नको का? फक्त ४ तास उपाशी या एवढंच सांगितलं होतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला रिक्षाने आणायचं, लिफ्टच्या लाइनीत उभं करायचं आणि तसंच परत न्यायचं, फार संताप आला मला त्या दिवशी. तर तुम्ही फोन कराल तेव्हा सगळ्या गोळ्यांची यादी हातात धरूनच बोला. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका प्लीज, आमच्या कार्डिओलॉजिस्टनी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली आणि टेस्ट झाल्यावर संध्याकाळी परत सुरू केली. शुगरची गोळी उपाशीपोटी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारून घ्या.

दुसऱ्या वेळी मात्र सगळं नीट झालं. कन्सेंट फॉर्मवर सही घेताना डॉक्टरांनी धोके स्पष्ट सांगितले, ठोके अनियमित होऊ शकतात, छातीत दुखू शकतं, गंभीर काही होणं क्वचित पण म्हणूनच आम्ही इथे उभे असतो. मला आत थांबू दिलं, हे सगळीकडे चालतं का माहीत नाही, विचारून बघा. आईंना डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला ईसीजीचे स्टिकर, एका हाताला बीपीचा पट्टा, दुसऱ्या हाताला सलाईनसारखी सुई. आधी नुसता साधा एको, मग पंपाने औषध सुरू, अगदी कमी डोस आणि दर ३ मिनिटांनी वाढवत नेतात, प्रत्येक वेळी बीपी आणि ईसीजी बघूनच पुढे जातात. ठोक्यांचं टार्गेट वयावर असतं, २२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के, आईंचं आलं १२९.

तिथल्या सिस्टरांबद्दल लिहिलंच पाहिजे. प्रत्येक गोष्ट व्हायच्या आधी सांगायच्या, आजी आता धडधड वाढेल हं, आजी आता डोकं जरा गरम वाटेल, घाबरायचं नाही, औषधाचंच आहे. तिसऱ्या डोसला आईंनी माझा हात घट्ट धरला, म्हणाल्या बसच्या मागे पळत गेल्यासारखं वाटतंय गं. अंगात थोडी कापरी आली, मळमळलं, पण छातीत दुखलं नाही. सगळ्यात वरच्या डोसलाही ठोके ११२ वरच अडले, मग अॅट्रोपिन हे ठोके वाढवणारं इंजेक्शन दिलं आणि एकदम १३१. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर हे इंजेक्शन देण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं, आम्हालाही ते विचारलं होतं.

ठोके चढले की डॉक्टर भराभर फोटो घेतात, श्वास सोडा, धरा, असं चाललेलं असतं. नंतर त्यांनी स्क्रीनवर मला दाखवलं, आधीचं आणि ठोके वाढल्यावरचं हार्ट शेजारी शेजारी. भिंत आत येताना जाड होते, सगळीकडून सारखी. रक्तपुरवठा कमी पडत असेल तर तेवढाच भाग ताण आल्यावर मागे पडतो, आणि हे बघायला हार्टला पळवावंच लागतं, आरामात सगळं ठीक दिसू शकतं. हे डोळ्यांनी बघितल्यावर माझी बरीच भीती गेली.

पंप बंद केल्यावर धडधड लवकर कमी होते, औषध काही मिनिटांतच उतरतं, अॅट्रोपिनचा असर मात्र थोडा रेंगाळतो. आईंचं तोंड कोरडं पडलं होतं, पेपरातली अक्षरं तासभर धूसर दिसत होती, त्यामुळे पेशंटने स्वतः गाडी चालवत येऊ नये, सोबत कुणीतरी हवंच. अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं, तयारीपासून सगळं मिळून दीड तास गेला. बिल फोनवर सांगितलं तेवढंच आलं.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी हेही सांगितलं की याचा अर्थ नसांमध्ये काहीच साठलेलं नाही असा घेऊ नका, रक्त अडेल एवढा ब्लॉक दिसत नाही एवढंच, बीपी शुगरच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. टेस्टला माझ्याकडून पाच स्टार, फोनवरच्या अपॉइंटमेंटला एक.

आणि हो, एसी खोलीत गाऊन पुढून उघडा असतो, शाल न्या. आईंनी नंतर गाडीत बसल्या बसल्या आधी चहा मागितला आणि मग ऑपरेशनची तारीख विचारली.