रोगाचा नकाशा: बीवायएम मॉडेल की स्कॅन स्टॅटिस्टिक?

जिल्हावार रुग्णसंख्या हातात आली की पहिला मोह होतो तो आढळलेल्या रुग्णांना अपेक्षित रुग्णांनी (लोकसंख्या आणि वयोगट पाहता सर्वसाधारणपणे जितके असावेत तितक्यांनी) भागून नकाशा रंगवायचा. तो आवरा. स्कॉटलंडच्या ओठांच्या कर्करोगाची आकडेवारी (१९७५ ते १९८०, ५६ जिल्हे) या विषयात शिकताना हमखास भेटते. तिच्यात स्काय-लोकाल्शमध्ये ९ रुग्ण आहेत, अपेक्षित १.४. गुणोत्तर साडेसहाच्या आसपास, म्हणजे नकाशावर सर्वांत गडद रंग. पण आकडे इतके लहान की खरी जोखीम २.९ पट असू शकते, तशीच १२ पटही. ट्वीडडेलमध्ये शून्य रुग्ण, अपेक्षित १.८, जोखीम अगदी सर्वसाधारण असती तरी सहातून एकदा शून्यच आलं असतं. अशा आकड्यांवर कुणाला धीर देणं किंवा घाबरवणं मला पटत नाही.

बीवायएम हे सांख्यिकी मॉडेल (नाव बेसाग, यॉर्क आणि मोलिए या कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून, १९९१) इथेच कामाला येतं. छोट्या जिल्ह्याचा अंदाज ते शेजाऱ्यांकडे आणि एकूण सरासरीकडे ओढतं, मोठ्याला फारसा धक्का लावत नाही. शिवाय कारणं तपासता येतात: याच आकडेवारीत शेती, मासेमारी, वनकाम करणाऱ्यांचं प्रमाण घातलं की उघड्यावरच्या, उन्हातल्या कामाचा संबंध दिसू लागतो. एक धोका मात्र आहे. शांत शेजारात एकटाच पेटलेला जिल्हा असेल, तर तोही विझल्यासारखा दिसतो.

कुलडॉर्फचं स्कॅन स्टॅटिस्टिक (१९९७) वेगळाच प्रश्न विचारतं: कुठल्या वर्तुळात रुग्ण योगायोगाने जमण्यापेक्षा जास्त आहेत? लहानमोठी वर्तुळं फिरवायची, मग यादृच्छिक रुग्णवाटप करून, बहुधा ९९९ वेळा, ताडून पाहायचं. चौकशीचं पथक कुठे पाठवायचं हे आजच ठरवायचं असेल तर हेच घ्या. नदीकाठाने लांबट पसरलेला समूह मात्र गोल खिडकीत नीट बसत नाही, आणि प्रत्येक जिल्ह्याची जोखीम किती, हे ते सांगत नाही.

जिल्हावार जोखीम हवी असेल तर मी बीवायएमच निवडेन. पण चालवण्याआधी शेजाऱ्यांची यादी डोळ्यांखालून घाला. ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या बेटांना सीमेला लागून कुणीच शेजारी नाही. त्यांना सॉफ्टवेअर कसं हाताळतं ते आधी पाहून घ्या.